काळ्या मैनेचे सोयरे

मे महिन्याच्या मध्यास नाशिकच्या रविवार कारंजावर सकाळी थोडा वेळ उभे राहिलात, तर ‘डोंगरची काळी मैना’ ही हाक कानी पडल्यावाचून राहणार नाही. त्र्यंबक, हरसूल, पेठ या बाजूच्या पाड्यांवरून पहिल्या गाडीने आलेल्या बाया पाट्या मांडून बसलेल्या असतात. पाटीत काळीभोर करवंदे, त्यांवर ओले फडके आणि शेजारी पळसाच्या पानांचे द्रोण. आपण एक द्रोण घेता, लेकराच्या हाती देता, आणि ते पहिलेच फळ दातांनी फोडून विचारते, ‘कोंबडा की कोंबडी?’ आतला गर लाल निघाला तर कोंबडा, फिकट निघाला तर कोंबडी. हा खेळ आपण खेळलो आहोत, आपल्या आईनेही खेळला आहे.

या द्रोणातल्या फळाविषयी एक प्रश्न मात्र आपण सहसा विचारीत नाही. हे फळ धरले केव्हा, आणि ते धरविले कोणी? करवंदीला कोणी पाणी घालीत नाही, खत देत नाही, तिची राखण करीत नाही. तरीही दर उन्हाळ्यात ती भरभरून देते. तिच्यासाठी राबणारे हात नसतील, तर राबते कोण? याचे उत्तर मे महिन्यातल्या बाजारात मिळत नाही. त्यासाठी दोन महिने मागे, मार्चमधल्या डोंगरात जावे लागते. येत्या मार्चमध्ये एक रविवार त्यासाठी राखून ठेवा, आणि मुलांना बरोबर घ्या.

अंजनेरीच्या वाटेवर

नाशिकहून त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याने सुमारे २० किलोमीटर गेल्यावर डाव्या हाताला अंजनेरीचा डोंगर उभा राहतो. हनुमंताचे जन्मस्थान म्हणून भाविक त्याला ओळखतात. वनस्पतीशास्त्राचे अभ्यासक त्याला ओळखतात ते ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ या इवल्या कंदवर्गीय वनस्पतीमुळे. २००६ मध्ये तिची नोंद झाली आणि या डोंगराचेच नाव तिला मिळाले. डोंगराचा काही भाग आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे. पायथ्याच्या गावात जुन्या जैन मंदिरांचे भग्नावशेष आहेत. ते पाहून सकाळी आठच्या आत वर निघालात तर ऊन बाधणार नाही.

मार्चमध्ये या डोंगरावर पावसाळ्यातली हिरवाई शोधू नका. गवत वाळून पिवळे पडलेले असते, ओढ्यांत गोटे उघडे पडलेले असतात. दूरवर एखादा पळस पेटल्यासारखा दिसतो. या सगळ्या रखरखाटात वाटेच्या दोन्ही अंगांना हिरवीगार, गोलसर झुडपे दिसतील. पाने चकचकीत आणि जाडसर, फांद्यांवर जोडीजोडीने आलेले टणक काटे. एक झुडूप दुसऱ्यात असे गुंतलेले असते की मेंढरूही आत शिरणार नाही. आपली माणसे तिला झाड म्हणत नाहीत, ‘करवंदीची जाळी’ म्हणतात, ते यासाठीच. सशाचा आसरा, पाखरांचे घरटे आणि शेळ्यांच्या तोंडून वाचलेली एखादी कोवळी रोपटीही या जाळीत सापडते.

जाळीच्या जवळ जाण्याआधीच मोगऱ्याच्या जवळपास जाणारा, पण किंचित तीव्र असा गंध येतो. मग दिसतात ती पांढरीशुभ्र, पाच पाकळ्यांची, चांदणीसारखी फुले. त्यांचा गुच्छ फांदीच्या टोकाला असतो. येथे थांबा. पाठीवरची पिशवी उतरवा, जाळीपासून दोन हातांवर सावलीत बसा, आणि मुलांना सांगा की पंधरा मिनिटे कोणी बोलायचे नाही. पहिल्या पाच मिनिटांत काहीच घडत नाही असे वाटेल. नंतर जाळी गुणगुणू लागेल. ती आधीपासूनच गुणगुणत होती. आपला कान तेवढा आता तिच्या स्वरावर आला, इतकेच.

अरुंद दाराचे घर

गळून पडलेले एक फूल उचला आणि नखाने उभे चिरा. पाकळ्यांच्या खाली जेमतेम २ सेंटिमीटर लांबीची बारीक नळी आहे. नळीच्या वरच्या, किंचित फुगीर भागात पाच पुंकेसर दाटीवाटीने बसलेले आहेत. त्यांच्या जरासे खाली कुक्षी, म्हणजे परागकण स्वीकारणारे टोक आहे. मध आहे तो थेट तळाशी. आंब्याचा मोहोर किंवा बोरीची फुले उघड्या ताटासारखी असतात. माशी येते, मुंगी येते, ज्याला जे हवे ते मिळते. करवंदीने मात्र आपल्या घराचे दार अरुंद ठेवले आहे. ज्याची जीभ लांब त्यालाच तळाचा मध मिळणार, आणि आत-बाहेर करताना त्या जिभेला परागाच्या गल्लीतूनच जावे लागणार. एका फुलातून बाहेर पडताना जिभेला चिकटलेले कण दुसऱ्या फुलात शिरताना कुक्षीला लागतात. तेथून पुढे बीज धरते, आणि बीजाभोवती फळ. द्रोणातल्या करवंदाचा जन्म होतो तो या क्षणी.

आता पाहुण्यांकडे पाहा. ज्यांना आपण सरसकट ‘मधमाशी’ म्हणतो त्यांत कितीतरी घराणी आहेत. फुलोरी ही त्यांतली सर्वांत नाजूक. झुडपाच्या एखाद्या फांदीवर तळहाताएवढे एकच पोळे बांधणारी. झाडाच्या ढोलीत राहणारी सातेरी थोडी मोठी, आणि कड्यांवर भलीथोरली पोळी लटकविणारी आग्या सर्वांत मोठी. या तिघी समूहाने राहतात, मध साठवितात, म्हणून माणसाच्या ओळखीच्या आहेत.

पण थोडा वेळ बसलात तर एक वेगळीच माशी दिसेल. तिच्या काळ्या पोटावर निळसर चमकणारे आडवे पट्टे असतात. ती फुलावर लगेच बसत नाही. फुलासमोर हवेतच तरंगते, झटकन बाजूला सरकते, पुन्हा येते आणि लांब जीभ पुढे काढून नळीत खुपसते. तिचे उडणे इतके चपळ की मुले तिच्यामागे बोट नाचवू लागतात. ही निळ्या पट्ट्यांची माशी पोळे बांधीत नाही, मध साठवीत नाही. तिला राणी नाही आणि कामकरीही नाहीत. प्रत्येक मादी एकटीच मातीच्या भिंतीत किंवा दरडीत बीळ कोरते, त्यात पराग आणि मध यांचा लहानसा गोळा ठेवते, त्यावर एक अंडे घालते आणि तोंड लिंपून टाकते. बाळंतिणीने लाडू करून ठेवावेत तशी ही शिदोरी. पिल्लू बाहेर येते तेव्हा बहुधा आई हयात नसते. तिने ठेवलेल्या शिदोरीवरच ते वाढते.

जगात मधमाश्यांच्या २०,००० हून अधिक जाती ज्ञात आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य अशाच एकट्याने संसार करणाऱ्या आहेत, हे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटते. आपल्या बागेतल्या गुलाबाच्या पानाला कधी कात्रीने कापल्यासारखा गोल तुकडा गेलेला दिसला असेल. तेही अशाच एका माशीचे काम. ती पानाच्या तुकड्यांनी आपल्या पिल्लाची खोली सजविते. तिच्यावर औषध फवारण्याची गरज नसते. गुलाबाचे त्याने काही अडत नाही.

मग एक मोठा, काळा, निळसर पंखांचा भुंगा घोंगावत येईल. वाळक्या लाकडात किंवा बांबूत घर करणारा हा पाहुणा दांडगा आहे. लांब नळीच्या फुलांशी त्याची जात पुष्कळदा लबाडीने वागते. दारातून न जाता नळीला बाहेरूनच चीर पाडून मध पिते. असा मध पिऊन गेलेला भुंगा फुलाच्या उपयोगी पडत नाही. पण तोच भुंगा दुसऱ्या एखाद्या फुलाचा मोठा उपकारकर्ता असतो. निसर्गात कोणी कायमचा चोर नसतो आणि कोणी कायमचा साधूही नसतो.

सूर्य मावळल्यावर या जाळीपाशी थांबण्याची सोय असेल, तर आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. पांढरा रंग, गोड गंध आणि लांब नळी ही सारी अंधारात उडणाऱ्या पतंगांना दिलेली आमंत्रणे आहेत. म्हणजे करवंदीने दिवसपाळीचे सोयरे वेगळे ठेवले आहेत आणि रात्रपाळीचे वेगळे.

डोंगराचे देणे शेताला

आता या डोंगरावरून उत्तरेकडे नजर टाका. गिरणाऱ्याच्या बाजूला मळे पसरलेले दिसतील. गिरणारे म्हणजे टोमॅटोचा मोठा बाजार. टोमॅटोच्या फुलात परागकण बंद नळकांड्यात असतात. ते वाऱ्याच्या झुळुकीने थोडेफार सुटतात, पण खरे सुटतात ते फूल थरथरले की. निळ्या पट्ट्यांची माशी आणि तो दांडगा भुंगा फुलाला घट्ट धरतात, पंख न हलविता अंगाचे स्नायू जोराने थरथरवितात आणि परागाची भुकटी आपल्या अंगावर झाडून घेतात. पेटीतल्या मधमाशीला ही विद्या येत नाही. तेव्हा मार्चमध्ये करवंदीच्या फुलावर दिसणारी ही माशी श्रावण-भाद्रपदातल्या टोमॅटोचीही सोयरी आहे.

नाशिकची ओळख द्राक्षांची. द्राक्षाचे फूल स्वतःचे काम बहुतांशी स्वतःच उरकते. त्याला माशीची फारशी वाट पाहावी लागत नाही. म्हणून असेल, बागाईतदारांच्या बोलण्यात माशीचा उल्लेख क्वचितच येतो. पण याच जिल्ह्यात कांद्याचे बियाणे घेणाऱ्याला विचारा. कांद्याच्या फुलात पराग आधी पिकतो आणि स्त्रीकेसर मागाहून तयार होतो, त्यामुळे एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलापर्यंत कोणीतरी नेऊन पोहोचवावाच लागतो. माशी फिरकली नाही तर गोंड्यात बी भरत नाही. लासलगावच्या बाजारात कांद्याचे ढीग लागतात, त्यांच्या मुळाशीही कोणा माशीची पायपीट आहे. डाळिंबालाही तिची मदत लागते.

पिकाचा फुलोरा काही आठवड्यांचा असतो. माशीच्या पोटाला मात्र तो संपल्यावरही लागते. कांद्याचे गोंडे उतरले, टोमॅटोचा हंगाम संपला, की मधल्या काळात तिने खावे काय? करवंदी, हिरडा, जांभूळ, पांगारा ही डोंगरची झाडे वर्षातल्या रखरखीत दिवसांत तिचे अन्नछत्र चालवितात. डोंगर उपाशी राहिला तर शेतही उपाशी राहते, हे आपल्या आजीला न शिकता ठाऊक होते. आपल्याला ते पुन्हा शिकावे लागत आहे.

जाळी नाहीशी होते तेव्हा

खाली उतरताना एक उतार काळाठिक्कर पडलेला दिसला, तर त्याजवळ क्षणभर थांबा. उन्हाळ्याच्या तोंडाशी डोंगरांना वणवे लागतात. काही निष्काळजीपणाने फेकलेल्या विडी-सिगारेटने, तर काही ‘जुने गवत जाळले की नवे चांगले येते’ या समजुतीने मुद्दाम लावलेले. करवंदीची जाळी मुळापासून सहसा मरत नाही. पाऊस पडला की बुंध्याशी पुन्हा फुटते. पण ज्या महिन्यात वणवा लागतो, तोच तिच्या फुलांचा महिना असतो. त्या वर्षीचे फळ गेले, वाळक्या काटक्यांत घर केलेल्या माश्या गेल्या, फुलोरीचे पोळे गेले. मे महिन्यात त्या पाड्यावरची बाई रिकाम्या पाटीने घरी बसते, आणि शहरात आपण म्हणतो, ‘यंदा करवंदे महाग झाली बुवा.’

दुसरे कारण त्र्यंबक रस्त्यावरून परत येताना दोन्ही बाजूंना दिसेल. जमिनीचे तुकडे पाडून कुंपणे घातली जातात, जेसीबी फिरतो, आणि ‘झाडी साफ केली’ असे अभिमानाने सांगितले जाते. मग तेथे विदेशी शोभेची झाडे लागतात, ज्यांच्या फुलांत पुष्कळदा माशीला घेण्यासारखे काही नसते. पूर्वी शेतकरी बांधावर करवंदीचेच कुंपण करीत. ते जनावरे अडवी, फळ देई आणि माशीलाही सांभाळी. तारेचे कुंपण जनावरे तेवढी अडविते.

भीती आणि सावधगिरी

मुलांना माशी दाखविताना भीती घालू नका, पण सावधगिरी अवश्य शिकवा. फुलावर काम करणारी माशी आपणहून डसत नाही. ती डसते दाबली गेली तर, किंवा तिचे घर धोक्यात आले तर. आग्या मोहोळ मात्र गंभीरपणे घ्यावे. सह्याद्रीच्या कड्यांच्या कपारीत ही पोळी असतात. तेथे आरडाओरडा, दगड मारणे, धूर करणे, उग्र अत्तर लावून जाणे हे सारे टाळावे. माश्या उठल्याच तर हात झाडीत उभे राहू नये. तोंड आणि डोळे कापडाने झाकून सरळ रेषेत लांब जावे आणि मिळेल त्या बंद जागेत शिरावे.

डंख झाला तर काटा नखाने खरवडून लगेच काढावा. तो जितका वेळ आत, तितके विष अधिक. जागा साबणाने धुवावी, थंड पाण्याची पट्टी ठेवावी. ओठ किंवा चेहरा सुजणे, श्वास लागणे, अंगभर पित्त उठणे, चक्कर येणे यांपैकी काहीही दिसले, किंवा एकाच वेळी अनेक डंख झाले असले, तर घरगुती उपायांत वेळ न घालविता तत्काळ रुग्णालय गाठावे.

द्रोणातले आरोग्य

आता पुन्हा मे महिन्यातल्या द्रोणाकडे येऊ. पिकलेल्या करवंदाचा गडद रंग ज्या द्रव्यांमुळे येतो, तीच जांभळातही आहेत. फळात क जीवनसत्त्व आणि चोथा आहे. करवंद खाल्ल्याने रक्त वाढते असे आपल्याकडे म्हटले जाते. केवळ करवंदांवर पंडुरोगाचा उपचार करू नये, हे खरे; पण आंबट फळातले क जीवनसत्त्व भाकरीतले, पालेभाजीतले लोह अंगी लागण्यास मदत करते, हेही तितकेच खरे. म्हणून नाचणीची भाकरी, मेथीची भाजी आणि शेजारी करवंदाची चटणी हे जेवण शहाणपणाचे आहे.

कच्ची करवंदे चिरताना पांढरा चीक निघतो. हाताला तेल लावून चिरावीत आणि मीठ लावून थोडा वेळ ठेवावीत. हिरवी मिरची, कोथिंबीर आणि गुळाचा खडा घालून वाटलेली चटणी उन्हाळ्यात तोंडाला चव आणते. पिकलेल्या फळांचा गर शिजविला की स्वतःच घट्ट होतो, त्यामुळे मुरंब्याला बाहेरचे काही लागत नाही; साखर तेवढी बेताने घाला. मधुमेह असलेल्यांनी मुरंबा किंवा सरबतापेक्षा मूठभर ताजी फळे धुऊन, चावून खावीत. एक सूचना मात्र विसरू नका. करवंद कण्हेरीच्या कुळातले आहे आणि त्या कुळातली पुष्कळ झाडे विषारी आहेत. म्हणून रानात ओळख नसलेले फळ मुलांनी तोंडात घालू नये. जाणत्या माणसाने दाखविले तेच खावे.

आणि या देण्याची परतफेड? ती अवघड नाही. खाल्लेल्या करवंदांच्या ताज्या बिया पावसाच्या तोंडाशी पेरा. जुन्या झाल्या की त्या उगवत नाहीत. शेताच्या बांधाला, संस्थेच्या आवारभिंतीला किंवा शाळेच्या कडेला चार-पाच रोपे लागली, तर काही वर्षांत तेथे जाळी उभी राहील. अंगणाचा एक कोपरा फरशीवाचून ठेवा. मातीत घर करणाऱ्या माशीला तेवढे पुरते. तुळशीच्या मंजिऱ्या सगळ्या खुडू नका. शेतात फवारणी करावीच लागली तर पीक फुलावर असताना टाळा, नाहीतर माशी घरी परतल्यावर, संध्याकाळी करा.

मुलांसाठी एक प्रयोगही सांगतो. मार्चमध्ये आपल्या ओळखीच्या जाळीतल्या एका फांदीच्या कळ्यांवर मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी सैलसर बांधा. शेजारची फांदी उघडी ठेवा. दोन्ही फांद्यांवरच्या कळ्या मोजून वहीत लिहा. फुले गळाली की पिशवी काढून टाका आणि एप्रिलच्या अखेरीस दोन्हीकडची फळे मोजा. जे दिसेल ते मुलांनीच आपल्याला समजावून सांगावे.

संयुक्त राष्ट्रांनी २०१७ मध्ये २० मे हा जागतिक मधमाशी दिन म्हणून जाहीर केला. आपल्याकडे तो नेमका करवंदांच्या ऐन हंगामात येतो. त्या दिवशी समारंभ करण्याची आवश्यकता नाही. पाटी घेऊन बसलेल्या त्या बाईकडून घासाघीस न करता एक द्रोण घ्या, आणि तिला विचारा, ‘मावशी, यंदा डोंगराला वणवा लागला होता का?’ ती जे सांगेल त्यावरून पुढच्या वर्षीच्या करवंदांचा अंदाज आपल्याला बांधता येईल. मग एक फळ फोडा. कोंबडा निघो वा कोंबडी, ते धरविणारी माशी कशी दिसते, हे आता आपल्या लेकराला ठाऊक असेल.